वैद्यकीय संशोधनाचं अनुदान खर्च करताना: मंजुरीपत्रापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

सरकारी अनुदानावर चालणारा संशोधन प्रकल्प पैशांपायी अडतो तो बहुतेक वेळा तीन ठिकाणी. चुकीच्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या शीर्षाखाली, झालेली खरेदी, मुदतीबाहेर गेलेलं बिल आणि वेळेवर न गेलेलं यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. तिन्हींची मुळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत असतात, त्रास मात्र दुसऱ्या वर्षी सुरू होतो. हप्ता थांबतो, रिसर्च फेलोचा पगार तटतो, आणि अभ्यासात सामील झालेल्या रुग्णांचा फॉलोअप चुकतो. हा शेवटचा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून हे नियम लेखा विभागावर सोडून देऊ नयेत, मुख्य संशोधकाने, म्हणजे पीआयने, स्वतः नीट समजून घ्यावेत असं मला कळकळीने वाटतं.

हा लेख आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) किंवा एएनआरएफ (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) यांसारख्या केंद्रीय संस्थांकडून पैसा मिळालेल्यांसाठी, विशेषतः मेडिकल कॉलेजात पहिलाच प्रकल्प मिळालेल्या प्राध्यापकांसाठी आहे. या सगळ्या पैशांना केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम २०१७, म्हणजेच जीएफआर, लागू होतात. त्यावर अनुदान देणाऱ्या संस्थेच्या अटी असतात, आणि तुमच्या कॉलेजचे किंवा विद्यापीठाचे खरेदीचे नियमही असतात. तिघांत फरक आढळला तर जो नियम जास्त कडक, तो पाळायचा.

पहिली पायरी: मंजुरीपत्र पेन घेऊन वाचा

मंजुरी आली की बहुतेक जण एकूण रक्कम आणि कालावधी पाहतात. खरी माहिती असते खालच्या अटींत आणि जोडपत्रातल्या बजेटच्या तक्त्यात. तुम्ही प्रस्तावात मागितलेलं बजेट आता विसरायचं, कारण तज्ज्ञ समितीने त्यात काटछाट केलेली असते. प्रस्तावात सेंट्रिफ्यूज होतं, मंजुरीपत्रात नाही, तर ते नाहीच. ‘प्रस्तावात लिहिलं होतं’ हे उत्तर ऑडिटमध्ये चालत नाही.

वाचताना या गोष्टींवर खूण करा: प्रकल्प सुरू होण्याची नेमकी तारीख कशी ठरते (मंजुरीची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, की तुम्ही कळवलेली तारीख), प्रत्येक हेडची वर्षवार रक्कम, कोणती उपकरणं नावानिशी मंजूर आहेत, मनुष्यबळाची पदं आणि मानधन, परदेश प्रवास किंवा जर्नलची प्रकाशन फी चालते का, आणि पुढचा हप्ता मिळण्यासाठी काय काय पाठवायचं. या सगळ्याचा एका पानाचा तक्ता करून लेखा विभागातल्या ज्या माणसाच्या टेबलावर तुमची बिलं जाणार आहेत, त्यांच्याकडे द्या. त्यांच्यासमोर दहा-वीस प्रकल्प असतात आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात.

याच टप्प्यावर बँकेचं आणि पीएफएमएसचं, म्हणजे सरकारी पैशांच्या हिशेबाच्या ऑनलाइन प्रणालीचं, काम उरका. काही योजनांत प्रकल्पासाठी वेगळं बचत खातं लागतं, काहींत संस्थेला शून्य शिलकीचं खातं देऊन खर्च होईल तशी रक्कम सोडली जाते, तर काहींत पैसा ट्रेझरी सिंगल अकाउंट पद्धतीने रिझर्व्ह बँकेतच राहतो. तुमचा प्रकल्प कोणत्या पद्धतीत आहे त्यावर ३१ मार्चला उरलेल्या रकमेचं काय होणार हे अवलंबून असतं. न वापरलेली खर्चाची मर्यादा वर्षअखेरीस रद्द होत असेल, तर ‘पुढच्या वर्षी वापरू’ हा विचार कामाचा नाही.

दुसरी पायरी: हेड समजून घ्या, कारण इथेच जास्त घोळ होतो

अनुदान साधारणपणे दोन मोठ्या भागांत येतं. नॉन-रिकरिंग म्हणजे उपकरणं. रिकरिंग म्हणजे मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स (रसायनं, किट्स), प्रवास, कंटिन्जन्सी (किरकोळ खर्च). याशिवाय संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे तिच्या सोयीसुविधांपोटीची रक्कम.

‘किट्ससाठीचे पैसे उरलेत, त्यातून एक छोटा डीप फ्रीझर घेऊ का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर नाही. सरकारच्या बाजूने हा पैसा तीन वेगळ्या लेखाशीर्षांतून सुटतो: सर्वसाधारण अनुदान, वेतनासाठीचं अनुदान आणि भांडवली मालमत्ता निर्मितीसाठीचं अनुदान. संसदेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातच ही शीर्षं वेगळी असतात आणि यूसीच्या नमुन्यातही तिन्हींचा खर्च वेगवेगळा दाखवावा लागतो. त्यामुळे रिकरिंगचा पैसा उपकरणात घालण्याचा अधिकार ना तुमच्या डीनना असतो, ना तुमच्या फाइलवर काम करणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरना. वेगळी मंजुरी लागते, आणि ती सहसा मिळत नाही.

रिकरिंगच्या आतल्या आत, म्हणजे प्रवासातून कन्झ्युमेबल्समध्ये वगैरे, फेरवाटप होऊ शकतं. पण तेही आधी परवानगी घेऊन. अर्जात तीन गोष्टी लिहा: कोणत्या हेडमध्ये किती उरले आणि का, कुठे किती कमी पडतायत आणि का, आणि एकूण रक्कम वाढत नाही. कारण शास्त्रीय हवं. ‘किमती वाढल्या’ एवढंच लिहिलं तर पत्र परत येतं. ‘नमुन्यांची संख्या तीच आहे, पण पुष्टीसाठी दुसरी चाचणी करावी लागत आहे, नीतिशास्त्र समितीने सुधारित प्रोटोकॉल मान्य केला आहे’ असं लिहिलं, सोबत समितीचं पत्र जोडलं, की काम होतं.

कंटिन्जन्सीबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. त्यातून काहीही घेता येतं असं समजलं जातं. स्टेशनरी, पोस्टेज, कुरिअर, झेरॉक्स, केस रेकॉर्ड फॉर्मची छपाई, अचानक लागलेली किरकोळ दुरुस्ती यासाठी तो हेड आहे. विभागातला एसी, ऑफिसचं फर्निचर, मोबाइल, सत्काराचे हार, स्नेहभोजन यांसाठी नाही. मंजूर नसलेला लॅपटॉप कंटिन्जन्सीत घातला की तो ऑडिटरच्या पहिल्याच नजरेत भरतो.

तिसरी पायरी: खर्चाआधी तीन प्रश्न

इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, सही करण्याआधी प्रत्येक वेळी विचारा. हा खर्च मंजूर उद्दिष्टासाठीच आहे का? तो कोणत्या हेडमध्ये बसतो आणि तिथे आज किती शिल्लक आहे? माल, बिल आणि पेमेंट तिन्ही प्रकल्पाच्या मुदतीत येतील का? एकाचंही उत्तर अडलं तर थांबा आणि लेखी विचारा. फोनवर मिळालेली परवानगी फाइलला लागत नाही.

जीएफआरचा नियम २१ या सगळ्याच्या मुळाशी आहे. सर्वसाधारण समजूतदार माणूस स्वतःचे पैसे खर्च करताना जेवढी दक्षता घेतो, तेवढीच सार्वजनिक पैशांबाबत घ्यावी, असं तो सांगतो. एखाद्या खर्चाबद्दल नियमावलीत थेट काही सापडलं नाही, की ऑडिटर याच कसोटीवर येतो.

चौथी पायरी: खरेदी

संशोधनासाठीच्या वैज्ञानिक उपकरणांना आणि कन्झ्युमेबल्सना जून २०२५ मध्ये मोठी सवलत मिळाली. वैज्ञानिक मंत्रालयं आणि त्यांच्याशी संबंधित संशोधन संस्थांसाठी कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपयांवर गेली. खरेदी समितीमार्फत करायच्या खरेदीची मर्यादा १ ते १० लाखांवरून २ ते २५ लाख झाली. मर्यादित निविदेची मर्यादा ५० लाखांवरून १ कोटी झाली. विशेष उपकरण जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, योग्य प्रतीचं मिळत नसेल तर कुलगुरू किंवा संचालक जेमबाहेरच्या खरेदीला परवानगी देऊ शकतात. मात्र ही सवलत तुमच्या संस्थेला लागू आहे का, आणि संस्थेच्या नियामक मंडळाने ती स्वीकारली आहे का, हे लेखा विभागाकडून लेखी घ्या. राज्य सरकारच्या मेडिकल कॉलेजात राज्याचे खरेदीचे नियम आड येऊ शकतात. टेबल, खुर्ची, प्रिंटर अशा सर्वसाधारण वस्तूंना ही वाढीव मर्यादा लागू नाहीच.

मर्यादा वाढली तरी मागणीचे तुकडे पाडायचे नाहीत. नियम १५७ स्पष्ट आहे: वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळण्यासाठी मागणी छोट्या छोट्या भागांत विभागू नये. एकाच आठवड्यात एकाच पुरवठादाराकडून एकाच प्रकारच्या किटची १ लाख ९० हजारांची तीन बिलं दिसली की कुणीही तेच म्हणणार. किटची मुदत कमी असते, म्हणून टप्प्याटप्प्याने मागवावी लागतात, हे खरं आहे. त्यावरचा सरळ मार्ग म्हणजे वर्षभराच्या अंदाजाने एकच दर ठरवून घ्यायचा आणि पुरवठा टप्प्यांत मागायचा. दर एकदाच मंजूर होतो, किट वाया जात नाही.

एकच कंपनी बनवते अशी वस्तू असेल तर नियम १६६ प्रमाणे प्रोप्रायटरी प्रमाणपत्र लागतं. त्यात दुसरी बनावट का चालणार नाही याचं तांत्रिक कारण द्यायचं असतं. ‘आम्हाला हीच हवी’ हे कारण नव्हे. ‘मंजूर उपकरणावर याच कंपनीची अभिकर्मकं (रिएजंट्स) चालतात’ हे कारण आहे. आगाऊ रक्कम शक्यतो देऊ नका. द्यावीच लागली तर नियम १७२ प्रमाणे खाजगी कंपनीला कराराच्या ३० टक्क्यांपर्यंत, तीही बँक गॅरंटीसह.

बजेट बांधताना जुने आकडे वापरले जातात म्हणून आणखी एक सांगतो. संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली आहे. जुन्या प्रकल्पाच्या फाइलवरून अंदाज काढला तर उपकरणाच्या हेडमध्ये हमखास तूट येते.

आता एक उणे ८० अंशाचा फ्रीझर घेताना काय होतं ते पाहू. मंजुरीपत्रात फक्त ‘डीप फ्रीझर’ आहे. कोटेशन आलं त्यात स्टॅबिलायझर, वाहतूक, बसवणी वेगळी. वायरिंगला जाड केबल आणि स्वतंत्र एमसीबी लागतो, जनरेटरची लाइन त्या खोलीत नाही. ऑर्डर देण्याआधी तांत्रिक विनिर्देशातच स्टॅबिलायझर, बसवणी, प्रशिक्षण आणि वॉरंटीची वर्षं घातली, तर ते सगळं उपकरणाच्या किमतीत येतं आणि एकाच बिलात निघतं. नंतर वेगळं मागवलं, तर त्याला हेडच नसतो. वायरिंग आणि जागा संस्थेने द्यायची असते, तशी हमी तुमच्या प्रमुखांनी प्रस्तावासोबत सही करून दिलेली असते. ती प्रत काढून अभियंत्यांकडे ऑर्डरच्या आधी पाठवा. फ्रीझर खोक्यात पडून राहिला की वॉरंटी खोक्यातच संपते.

माल आला की त्याच दिवशी स्टॉक एंट्री. उपकरणं जीएफआर २२ नमुन्यातल्या नोंदवहीत, रसायनं आणि किट्स जीएफआर २३ मध्ये. उपकरणावर प्रकल्पाचा क्रमांक आणि अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव रंगवा किंवा स्टिकर लावा. बिलाच्या मागे नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक लिहिल्याशिवाय पेमेंटला पाठवू नका. वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते, ती करून तारखेसह सही ठेवा.

पाचवी पायरी: माणसं

जाहिरात, निवड समिती, इतिवृत्त, नियुक्तिपत्र, रुजू अहवाल. या पाचांपैकी एक कागद नसला तरी पगाराचा अख्खा खर्च अमान्य होऊ शकतो. नियुक्ती प्रकल्पाच्या मुदतीपुरती आहे आणि संस्थेत कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे पत्रात लिहिलेलं असावं. मानधन मंजूर दरानेच. केंद्रीय दराने जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (सीनिअर रिसर्च फेलो) ४२,००० रुपये आहेत, घरभाडे भत्ता वेगळा. मंजुरी जुन्या दराने असेल तर वाढीव रक्कम लेखी मंजुरीनंतरच द्यायची.

पीआयला स्वतःसाठी मानधन घेता येत नाही. एका माणसाचा पूर्ण वेळ एका प्रकल्पात दाखवून त्याला दुसऱ्या प्रकल्पातूनही पैसे देता येत नाहीत. नातेवाइकाचा अर्ज आला असेल तर निवड समितीतून बाजूला व्हा आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्या.

रिसर्च फेलोला वॉर्डच्या ड्यूटीला लावण्याची सवय अनेक विभागांत आहे. ही गोष्ट मला फार खटकते. त्याचा पगार संशोधनाच्या पैशातून निघतो, हजेरीपत्रकावर तुम्ही सही करता, म्हणजे त्याने महिनाभर प्रकल्पाचं काम केलं असं तुम्ही प्रमाणित करता.

सहावी पायरी: अभ्यासातल्या रुग्णांशी संबंधित खर्च

वैद्यकीय संशोधनाचा खर्च इतर विज्ञान प्रकल्पांपेक्षा वेगळा होतो तो इथे. प्रोटोकॉल समोर ठेवून प्रत्येक तपासणीपुढे लिहा: हा रुग्ण अभ्यासात नसता तरी ही तपासणी झाली असती का? झाली असती तर ती नेहमीच्या उपचाराचा भाग आहे, ती अनुदानातून करायची नाही. झाली नसती तर ती संशोधनाची आहे, आणि तिचा एक रुपयाही रुग्णाकडून घ्यायचा नाही. मधुमेही रुग्णाची ठरलेली एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेची) तपासणी पहिल्या प्रकारात येते. केवळ अभ्यासासाठी सहाव्या आणि नवव्या आठवड्यात केलेली तीच तपासणी दुसऱ्या प्रकारात. केस पेपरवर संशोधनाच्या तपासण्यांसाठी वेगळा शिक्का ठेवला तर बिलिंग काउंटरवर गोंधळ होत नाही. गरीब रुग्णाला ‘संशोधनाची’ चाचणी स्वतःच्या पैशांनी करायला लागणं हा हिशेबाचा दोष आहेच, त्याहून मोठा अन्याय आहे.

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी सहभागींना देता येते. मात्र रक्कम आणि पद्धत नीतिशास्त्र समितीने मान्य केलेली असावी आणि माहितीपत्रकात लिहिलेली असावी. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं भरपाईला मान्यता देतात, पण लोभाने माणूस सामील होईल इतकी रक्कम देऊ नये असंही सांगतात. पावतीवर सही किंवा अंगठा घ्या, आणि लेखा विभागाकडे पावती पाठवताना रुग्णाचं नाव झाकून सहभागी क्रमांक ठेवण्याची पद्धत आधीच ठरवून घ्या. मूळ पावत्या पीआयकडे कुलपात ठेवाव्यात.

नव्या औषधाची क्लिनिकल ट्रायल असेल तर न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स २०१९ प्रमाणे ट्रायलमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. तिचा विमा बजेटमध्ये प्रस्तावाच्या वेळीच मागायचा. तेव्हा राहिला असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी संस्थेकडून लेखी व्यवस्था करून घ्या. सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणीही त्याआधीच व्हायला हवी. समितीच्या मान्यतेपूर्वी केलेली नमुना गोळा करण्याची कामं आणि त्यांची बिलं हिशेबात घेतली जात नाहीत.

सातवी पायरी: मार्च

नियम ६२ वर्षअखेरीच्या खर्चाच्या घाईला वित्तीय शिस्तीचा भंग मानतो. म्हणून खरेदीचा मोठा भाग डिसेंबरपर्यंत उरकावा. ऑर्डर १० मार्चला, माल २८ मार्चला, बिल ४ एप्रिलला: असा खर्च चालू वर्षाच्या यूसीत झालेला खर्च म्हणून दाखवता येत नाही. तो वचनबद्ध खर्च म्हणून वेगळा लिहायचा, सोबत ऑर्डरची प्रत, आणि ती शिल्लक पुढे नेण्याची परवानगी मागायची. बिलावर मागची तारीख टाकून घेणं हा फसवणुकीचा प्रकार आहे. पुरवठादार स्वतःहून तयार झाला तरी नको म्हणा.

यूसी जीएफआर १२-अ नमुन्यात भरायचं असतं. समजा, सुरुवातीची शिल्लक १,४०,००० रुपये, वर्षात आलेलं अनुदान १२,००,०००, खर्च ११,१५,०००. अखेरची शिल्लक २,२५,०००. खात्यावर ६,२०० रुपये व्याज जमा झालं असेल तर ते या शिलकीत मिसळून खर्चायचं नाही. नियम २३०(८) प्रमाणे हिशेब अंतिम झाल्यावर व्याज भारताच्या संचित निधीत भरायचं असतं. ते भारतकोश पोर्टलवरून भरून पावती यूसीला जोडा. यूसीतला खर्च, खर्चाचं विवरणपत्र आणि लेखा विभागाचं खातं या तिन्हींचा आकडा रुपयापर्यंत जुळायला हवा. नियमाप्रमाणे यूसीला वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात, पण तोपर्यंत थांबलात तर हप्ताही थांबतो. एप्रिलमध्येच तात्पुरतं यूसी पाठवा, लेखापरीक्षित नंतर.

परदेशी देणगीदाराचा पैसा असेल तर वाट वेगळी. आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मान्यता लागते, आणि संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू असेल तर रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. अनेक केंद्रांत चालणाऱ्या अभ्यासांनी हे करार करण्याआधीच पाहावं.

आठवी पायरी: मुदतवाढ आणि समारोप

नमुनासंख्या पूर्ण होत नसेल तर मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी विनाखर्च मुदतवाढ मागा. मुदत संपल्यानंतर आणि परवानगी येण्याआधी झालेला खर्च, अगदी पगारही, तुमच्या अंगावर येऊ शकतो. मुदतवाढीत नवा पैसा मिळत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांच्या पगारापुरती शिल्लक आहे का हे अर्जाआधी तपासा.

प्रकल्प संपला की अंतिम अहवाल, अंतिम यूसी, लेखापरीक्षित विवरणपत्र, मालमत्तेची यादी आणि उरलेल्या रकमेचा परतावा एकत्र पाठवा. उपकरणं संस्थेकडे ठेवण्याची परवानगी वेगळ्या पत्राने मागावी लागते. ती मिळेपर्यंत ती विकता, हलवता किंवा निर्लेखित करता येत नाहीत. संबंधित मंत्रालयाला आणि कॅगला हिशेब तपासण्याचा अधिकार नंतरही असतो, ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणातले आक्षेप, दोन-तीन वर्षांनीही येतात. तोवर पीआयची बदली झालेली असते, फेलो दुसऱ्या शहरात गेलेला असतो. म्हणून संस्था सोडताना मूळ व्हाउचर, इतिवृत्तं, परवानगीची पत्रं आणि नोंदवह्या पानांच्या क्रमांकासह यादी करून लेखा विभागाकडे द्या, यादीच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, आणि ती प्रत स्वतःबरोबर न्या.